किल्ल्यावरचा एकटा कारकून

‘अध्यक्षस्थानी शत्रूचे सरदार होते. शेवटी आभार मानून किल्ला त्यांच्या ताब्यात देण्यात आला.’

नववीतल्या एका पोराचा हा अहवाल वाचून मी कपाळाला हात लावला. तपासणी तोंडावर आली होती. संस्थेच्या साहेबांचा रिमार्क चांगला पडला तर तासगावला बदली होईल, असं हेडसर म्हणाले होते. बायको आणि लहान मुलगी तिकडे. मी कोयनानगरच्या कॉलनीत, एका क्वार्टरमध्ये एकटा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट.

अहवाल म्हणजे जे घडलं ते, तिथं नसलेल्या माणसाला समजेल असं सांगणं. पोरांना मात्र अहवाल म्हटलं की गाईडमधलं स्नेहसंमेलन आठवायचं. म्हणून मी वेढ्यात सापडलेल्या किल्ल्याची गोष्ट रचली होती. तिथंही त्यांनी समारंभ उरकलाच!

मग गोष्ट बदलली. वेढा उठलाय, शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरचे सैनिक, आपापल्या गावी गेलेत. राखणीला उरलाय एक कारकून. त्यानं राजधानीला अहवाल पाठवायचा. समारंभाला माणसंच ठेवली नाहीत.

तपासणीला साहेबांनी वर्गातल्या सुनंदाला तिचा अहवाल वाचायला सांगितलं. ती माझ्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायची.

“किल्ल्यावर सध्या कारकून एकटाच आहे. स्वयंपाक तो स्वतः करतो. भात बहुधा करपतो. काल भूकंपाचा हादरा बसला. खालच्या वाडीतले लोक एकमेकांना हाका मारत घराबाहेर आले. कारकुनाला कोणी हाक मारली नाही. तो आपणहून खाली आला, थोडा वेळ लांब उभा राहिला आणि परत गेला.”

साहेब हसले. “अगं, किल्ल्याच्या काळात कोयनेचं धरण तरी होतं का? हादरे कुठले?”

“हादरं कायमच असत्यात की, साहेब.”

वर्गात कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी टेबलावरचे खडूचे तुकडे गोळा करत बसलो. पोरांसमोर रडू फुटतंय की काय, अशी भीती वाटली.

नंतर हेडसरांच्या खोलीत साहेब म्हणाले, “झकास शिकवता. वाक्य कसं स्वच्छ लिहिलंय पोरीनं!”

“साहेब, माझ्या बदलीचं...”

“बदली? तुम्हाला हलवलं तर इथं यायला कोण तयार आहे? पुढच्या वर्षी बघू.”

रिमार्क उत्तम पडला. बदली गेली. मी क्वार्टरवर येऊन भात टाकला, तो त्या दिवशीही करपला.

पुढे एका रविवारी दुपारी फळीवरची भांडी वाजली. मी स्टोव्ह बंद करतोय तोवर मागून सुनंदाच्या आईचा आवाज आला. “सर, आवं भाईर या की! ऱ्हाऊ द्या त्यो भात!”

मी बाहेर गेलो, आणि लांब उभा राहिलो नाही.

अहवाल साहेबांना कळतोच असं नाही. शेजारच्या घरात कळला तरी पुष्कळ, असं मी पुढच्या प्रत्येक नववीला सांगत आलो.