बाबांच्या बेलचे सेल

अंथरुणाला खिळलेल्या बाबांच्या हाताशी बिनतारी बेलचं बटण असतं. बेल स्वयंपाकघरात वाजते. तिच्यासाठी मी सगळा हिशेब करून चार्जिंगचे सेल आणि चार्जर घेतला. साधे सेल संपत आले की बेलचा आवाज बसायचा, आधी कळायचं. हे मात्र खणखणीत वाजता वाजता एकाएकी गप्प होतात.

घरातली शांतता म्हणजे पूर्वी उसंत होती. आता शांत झालं की वाटतं, बाबांना काही नकोय, की सेल संपले? भाजीला निघतो आणि जिन्यातून परत फिरतो.

आजही तसाच परतलो. बाबा म्हणाले, "आलास? बरं झालं. मघापासून पाणी हवं होतं."

"मग बेल का नाही दाबलीत?"

"उगाच कशाला चार्जिंग घालवायचं? म्हटलं, बघायला येशीलच."