खंडेनवमीला बसवलेला स्टार्टर

पुरुषोत्तम दामल्यांना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने खुशाल हात वर करावा. लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या गल्लीत तरी एकही हात वर होणार नाही. जेवतानासुद्धा टेबलाखाली त्यांचा एक पाय चालूच असे.

चौऱ्याहत्तर साली सुलक्षणाबाई नर्स म्हणून इथे आल्या आणि त्यांच्यामागून नवरा आला. बायकोच्या पाठी विलायतेला गेला म्हणून नागपुरात नातेवाइकांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. ते ऐकायला दामल्यांना वेळ नव्हता. एअरपोर्टवर सामान ओढणारे ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर हात शिवशिवू लागले, तेव्हा त्यांनी एक जुनी अमेरिकन मसल कार घेतली. अडुसष्ट सालची, लांब नाकाची, व्ही-एट इंजिनाची, गॅरेजमध्ये जेमतेम मावणारी. सुलक्षणाबाई तिला म्हैस म्हणत. खाते फार आणि जागची हलत नाही.

२००६च्या ऑगस्टात म्हशीचा स्टार्टर गेला, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटरच गेली. दामल्यांनी गाडी स्टँडवर चढवली, स्टार्टरचं ते जड धूड खाली उतरवलं आणि तिथेच, गाडीखाली, त्यांच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. डॉक्टरांनी सांगितलं, टेक इट ईझी. नेमकी हीच गोष्ट त्यांना उभ्या आयुष्यात जमली नव्हती. सहा आठवडे ते माजघर-जिना-माजघर असे फिरत राहिले.

एका शनिवारी अमेरिकेहून नवा स्टार्टर आला. मूळ कंपनीचा नव्हे, दुसऱ्याच कुणी बनवलेला. जुन्याच्या निम्म्या वजनाचा, पण जोर जास्त.

"डॉक्टर जड उचलू नका म्हणाले," दामले म्हणाले. "हा हलका आहे. म्हणजे अलाउड आहे."

रविवारी सकाळी दामले गॅरेजमध्ये गेले, तर पान्यांची पेटी रिकामी! सगळे पाने देवापुढे पाटावर मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूची फुलं.

"आज खंडेनवमी आहे," बाई म्हणाल्या. "हत्यारांना आज हात लावायचा नाही. उद्या दसरा झाला की बघू."

"तीस वर्षांत कधी केली नाहीस ही पूजा!"

"म्हणून तर या वर्षी केली."

एक दिवस थांबायला काय हरकत होती? पण थांबतील तर ते दामले कसले. अकरा वाजेपर्यंत त्यांनी बागेला सात चकरा मारल्या, पेपर तीनदा उघडून मिटला, आणि मग त्यांना शेजारचा गुरदेवसिंग आठवला. गुरदेवच्या पान्यांना कुणी कुंकू लावलं नव्हतं.

दहा मिनिटांत ते उसने पाने घेऊन गाडीखाली होते. बॅटरीची वायर काढलेली, डाव्या हातात नवा स्टार्टर वर धरलेला. एक बोल्ट जेमतेम दोन आटे फिरला असेल, तेवढ्यात त्यांना बायकोच्या चपला दिसल्या.

"बाहेर या."

"आत्ता नाही येता येत. सोडला तर छातीवर पडेल."

"मग बरंच झालं," बाई म्हणाल्या आणि दुधाचा क्रेट उपडा करून त्यावर बसल्या. "आता कुठे पळणार नाही तुम्ही. ऐका. त्या दिवशी मी किचनमध्ये होते. तुमची खटखट ऐकू येत होती. मग ती थांबली. मला काय वाटलं, सांगू? वाटलं, चला, एकदाचे बसले हे. मला बरं वाटलं. मी रेडिओ लावला. चहा केला, एकटीपुरता. ट्वेंटी मिनिट्स, अहो, आणि तुम्ही इथे पडलेले! वॉर्ड शांत झाला की आधी उठून बघायचं, हे मी नव्या नर्स पोरींना जन्मभर शिकवलं."

दामल्यांचा हात भरून आला होता, पण त्यांनी तो हलवला नाही.

"आता तुम्ही इथे आलात की मी कान लावून बसते. रात्री घोरायचे थांबलात तरी लाइट लावून बघते. पूजाबिजा कसली? एक दिवस सुट्टी हवी होती मला."

आपण सहा आठवडे डॉक्टरांवर चिडलो, बायकोवर चिडलो, आणि हिच्या जिवाला काय लागलंय हे एकदाही विचारलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. वर इंजिनाची काळी कड दिसत होती. चपला हलत नव्हत्या.

"दुसरा बोल्ट लावतोय," ते शेवटी म्हणाले.

"हं."

"आटे धरले."

"हं."

"आता पाना घेतलाय. गुरदेवचा आहे, थोडा सैल आहे. अर्धा फेरा झाला."

"हं," बाई म्हणाल्या.

"आणखी अर्धा. मग जाड वायर, मग बारीक."

बोल्ट केव्हाच घट्ट बसला होता. तरी दामले तसेच पडून राहिले आणि बोलत राहिले.