दोष लिहिल्याशिवाय

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहूरला कॉलेजात होतो, प्रयोगशाळेत प्रॅक्टिकलची मांडामांड चालली होती. फोन चौधरी सरांचा, आमच्या कॉम्प्युटर क्लबातले सगळ्यांत वडीलधारे. म्हणाले, "दिगू गेला हो... सकाळीच. सुटला बिचारा." हातातलं तसंच टाकून मी जळगावची बस धरली. नेरी मागे पडलं तेव्हा कुठे तो शब्द टोचायला लागला. सुटला? कशातून सुटला? असं आपण अंथरुणाला खिळून खंगलेल्या माणसाबद्दल म्हणतो. माझा दिगू तर माझ्यावर रुसून घरी बसला होता, एवढंच मला ठाऊक होतं.

आमचा क्लब म्हणजे जळगावात एका पिठाच्या गिरणीवरची खोली. रविवारी सकाळी जमायचं, आपापला कॉम्प्युटर आपल्या हातानं जोडायचा, बिघडवायचा, पुन्हा जोडायचा. दुकानातून तयार डबा उचलून आणणाऱ्याला तिथे चहा मिळे, मान मिळत नसे. खालून उडालेलं पीठ आमच्या पंख्यांत जाऊन बसायचं, आणि ते गव्हाचं की ज्वारीचं हे दिगू नुसतं बोट फिरवून सांगायचा. तो मूळचा धुळ्याकडचा, नोकरीपायी जळगावात आला, पण घरची बोली काही सोडली नाही. माझं आणि त्याचं पहिल्याच भेटीत भांडण झालं, तेही केबिनेटात पंखा कुठल्या बाजूला लावावा यावरून. तेव्हापासून आमची मैत्री ही अशीच, भांडणावर पोसलेली. आम्ही एकमेकांना कधी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्यात आम्हा दोघांनाही काही कमी वाटलं नाही.

क्लबात जुने पार्ट अदलाबदल करायची पद्धत होती, आणि तिचा नियम दिगूनं घालून दिलेला. पार्टावर पांढरी चिकटपट्टी लावायची आणि त्याचा दोष पेनानं लिहायचा. 'गरम होतो.' 'रॅमची एक खाच मेली.' 'थंडीत चालू होत नाही.' दोष लिहिल्याशिवाय पार्ट उंबरा ओलांडून आत येत नसे. एखादा म्हणाला, "माझ्यात दोषच नाही," की दिगू म्हणायचा, "दोष नाही म्हणजे तू अजून तपासलंच नाहीस." लपवालपवीचा त्याला मनापासून तिटकारा. एका सभासदानं बिघडलेला पॉवर सप्लाय न सांगता खपवला, तर दिगूनं त्याच्याशी कित्येक महिने बोलणं टाकलं होतं... हे सगळं मी आता रागानंच लिहितोय, हे वाचणाऱ्याला कळलंच असेल.

गेल्या वर्षी तो वाळत चालला. मी विचारलं, "का रे, हाडं मोजायला ठेवलीस की काय?" तर हसून म्हणाला, "डायटिंग करी ऱ्हायनू भो. बठ्ठं बराबर शे." सगळं ठीक आहे म्हणतोय, तर मी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? क्लबातले बाकीचे मात्र त्याच्याशी भलतेच गोड वागायला लागले होते. त्याच्या हातातलं केबिनेट कुणीतरी अलगद काढून घ्यायचं, त्यानं केलेला वायरींचा गुंता बघून "वा, छान" म्हणायचं. मला वाटलं, वयानं सगळे मऊ पडले.

मग तो रविवार. माझ्या मुलीसाठी नवा मदरबोर्ड आणला होता. दिगू म्हणाला, प्रोसेसर मी बसवतो. बसवताना त्याचा हात थरथरला, प्रोसेसर निसटून सॉकेटवर तिरका पडला आणि आतल्या केसासारख्या पिना वाकल्या. माझं डोकं फिरलं. "हात आहेत की फावडी? जमत नसेल तर घरी बस!" असं मी सगळ्यांसमोर ओरडलो. सगळे खाली बघत होते. एकटा दिगू तेवढा हसत होता, अगदी खूश होऊन. "आते चिडू नको ना भो," म्हणाला. पुढच्या रविवारपासून तो आला नाही, आणि मीही हट्टानं फोन केला नाही. घरी बस, हे माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

जळगावात पोचल्यावर कळलं, कॅन्सर होता. क्लबातले सगळे आळीपाळीनं त्याला नाशिकला उपचारांना नेत होते. सगळे! दशक्रिया झाल्यावर मी चौधरी सरांना धरलं. "मला का नाही सांगितलं?" तर मान खाली घालून म्हणाले, "शपथ घातली होती हो त्यानं. म्हणाला, भांडायला एक जण तरी राहू द्या."

लोक मला म्हणतात, बघा, केवढं प्रेम. असेल. पण मला कुणी विचारलं? ज्यानं दीड दमडीच्या पार्टालाही दोष लपवू दिला नाही, त्यानं स्वतःवर पट्टी लावली, ती साऱ्या गावाला वाचू दिली, आणि माझ्यासमोर येताना तेवढी झाकून आला. मरणाऱ्या माणसावर मला ओरडू दिलं. त्याला जे हवं होतं ते तो घेऊन गेला, आणि मला हे ठेवून गेला. दिगू, हा दगाच आहे. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

परवा दिगूच्या घरून वहिनींनी बोलावलं. त्याचा कॉम्प्युटर तसाच टेबलावर होता, बाजूचं झाकण भिंतीला टेकवलेलं. ते तो कधीच लावत नसे. "सकाय परत उघाडनंच शे," म्हणायचा, उद्या उघडायचंच तर आज लावायचं कशाला. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तेवढं लावून द्या, धूळ जाते." मी स्क्रू शोधले, वाकून आत बघितलं. आत सगळा बट्ट्याबोळ. पंख्यावरून वायर ओढलेली, डिस्क एका स्क्रूवर लोंबकळतेय. माझ्या तोंडून निघालंच, "अरे गाढवा, ही वायर इथून आणतात का? किती वेळा सांगितलं तुला?" मग भान आलं आणि मी जीभ चावली.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी दारात आल्या, पदरानं हात पुसत.

"बोला ना भाऊ," त्या म्हणाल्या. "थांबलात का? वर्ष झालं, या घरात सगळे हळूच बोलतात."

मी पुन्हा आत वाकलो आणि आवाज चढवला.