मोटारीपुढचं लुगडं

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण त्या दुपारी जिंतूरच्या पुढं भर रस्त्यात मी तिच्यावर खरोखर चिडले होते. माझी नणंद शकू पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं येलदरीला आली होती. सकाळपासून कळा चालू होत्या. मूल आडवं आहे, आता माझ्या हातात काही नाही, असं सांगून सुईण बाजूला झाली. जिंतूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि जराही वेळ न घालवता परभणीला न्या, म्हणाले. दुसऱ्याच्या घरची सून, आमच्या भरवशावर माहेरी आलेली. सासूबाई जाऊन दोन वर्षं झालेली, त्यामुळं तिची आई मीच आणि वहिनीही मीच. आणि अशा वेळी आमची मोटार चुलीवरच्या आधणासारखी उकळत उभी.

मोटार म्हणजे आमच्या ह्यांनी हौसेनं घेतलेली जुनीपुराणी गाडी. शकू तिला ‘म्हातारी’ म्हणायची. तापायची खोड मात्र म्हातारीला कधीच नव्हती.

आमच्या घरची एक रीत होती. घरातलं कुणी मोठ्या कामाला किंवा संकटात बाहेर निघालं, की देवघरातलं देवीचं लुगडं बैलगाडीच्या जुवाला बांधायचं. देवी पुढं चालते, आपण तिच्या मागं. मुक्कामाला पोचेपर्यंत ते सोडायचं नाही. बैलगाड्या गेल्या, रीत राहिली. त्या दिवशी निघताना मी ते हिरवं नऊवारी चांगलं जाड घडी करून मोटारीच्या तोंडावरच्या जाळीला घट्ट बांधलं. “आई, तू पुढं हो,” म्हणून हात जोडले आणि शकूचं डोकं मांडीवर घेतलं.

जिंतूर सोडून थोडं पुढं गेलो आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. ह्यांनी गाडी निवू दिली, ओला पंचा धरून रेडिएटरचं झाकण जपून उघडलं, डब्यातलं पाणी ओतलं. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. मग ह्यांनी सगळं तपासलं. पंख्याचा पट्टा घट्ट होता, पंखा फिरत होता, नळी कुठं फुटली नव्हती, रस्त्यावर पाण्याचा थेंब नव्हता. “सगळं ठीक आहे आणि तरी तापतेय,” असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. बहिणीसमोर रडायचं नाही म्हणून ते तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिले. शकू मात्र तेवढ्यातही म्हणाली, “वहिनी, माझ्या आधी म्हातारीच बाळंत होतेय बघा.” मी हसले आणि लगेच डोळे भरून आले. मनात देवीला म्हटलं, तुला पुढं घातलं ते काय असं रस्त्यात बसवायला?

वैशाखाचं ऊन, रस्ता मोकळा, पाण्याचा डबा रिकामा. पुढं एक वस्ती दिसत होती, तिच्यावर निळा झेंडा. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे ते दिवस होते. गावागावांतून माणसं एकमेकांकडं बघेनाशी झाली होती. तिथं थांबावं का, असं ह्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही, पण दोघांच्याही मनात ते आलं. जमलं तर पुढच्या गावापर्यंत रेटू, असं ठरवून ह्यांनी गाडी हाकली. म्हातारीनं आमचं ऐकलं नाही. ती बरोबर त्या वस्तीसमोरच बंद पडली.

पहिल्याच घरातून एक बाई घागर घेऊन आली. आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. आधी मोटारीत डोकावली, शकूच्या कपाळावर हात ठेवला, तांब्यानं तिला पाणी पाजलं, मग मला दिलं. कोरडा पडलेला माझा घसा त्या पाण्यानं निवला. उरलेलं पाणी घेऊन हे घाईनं रेडिएटरमध्ये ओतायला निघाले, पण झाकणाला हात लावता येईना. थांबण्यावाचून इलाज नव्हता. तेवढ्यात बाई मोटारीच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं लुगड्यावर हात ठेवला.

“लय तापलंय हे. देवीचं हाय का?”

मी हो म्हटलं आणि घरची रीत सांगितली. मुक्काम येईपर्यंत सोडायचं नसतं, हेही सांगितलं.

ती लुगड्याची घडी चाचपत राहिली. मग म्हणाली, “माय, आमी देवीला मानत न्हाई. पर आई म्हनता न् तिला असं इस्तवाच्या तोंडाला बांधून ठिवता? आत घ्या तिला. लेकीच्या उशाला बसू द्या.”

हे कुणी शहाण्यानं सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. तिच्या बोलण्यात शिकवण नव्हती, नुसती माया होती. माझ्या हातांनी गाठ कधी सोडली ते मला कळलं नाही. गरम लुगडं थोडं वाऱ्यावर धरलं आणि शकूच्या डोक्याखाली ठेवलं. शकूनं त्याचा काठ मुठीत घट्ट धरला. गाडी निवल्यावर ह्यांनी पाणी भरलं, बाईनं आणखी एक घागर डब्यात ओतून दिली, आणि आम्ही निघालो. परभणीपर्यंत मोटार एकदाही तापली नाही.

दवाखान्यात ऑपरेशन करून मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाहेर बाकावर बसल्यावर ह्यांनी एकदम कपाळाला हात लावला. जाळीतून वारा आत जातो म्हणून तर रेडिएटरमधलं पाणी निवतं, आणि ती जाळीच आपण झाकून टाकली होती, म्हणाले. बैलगाडीला असली जाळी नसते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाईलाही ते ठाऊक नव्हतं. तिला फक्त एका आईचं लुगडं पोळताना बघवलं नाही.

घरी परतताना आम्ही त्या वस्तीपाशी थांबलो. त्या बाईचं नाव गयाबाई. मी तिची ओटी भरायला नारळ आणि खण नेला होता. आमच्यात हे करत न्हाईत, असं तिनं हसून सांगितलं आणि लेकरू मागून घेतलं. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली, त्याच्या पायांची बोटं कुरवाळली. परत देताना शकूला एवढंच म्हणाली, “हिला लय शिकवा.” शकू तिच्या पाया पडायला वाकली, तर गयाबाईनं तिला मध्येच धरून पोटाशी घेतलं.

या गोष्टीला चमत्कार म्हणावं की नाही, ते मला ठरवता येत नाही. कापड सोडलं, वारा लागला, गाडी निवली, इतकं सरळ आहे ते. पण सोडायला सांगणारी तिथंच, त्याच वेळी घागर घेऊन का आली, हे शोधत बसावंसं मला वाटत नाही. शकूची लेक त्या मायेमुळं सुखरूप जगात आली, एवढं मला पुरतं. आजही देवघरात बसले की मी देवीकडं मागते. न मागण्याइतकी मोठी मी झाले नाही. फक्त तिनं कुणाच्या हातानं द्यावं, हे तिला सांगायचं मी सोडून दिलं आहे.