इंटरव्हलमामा

माझ्या मामांनी आयुष्यात एकही रहस्यपट शेवटपर्यंत पाहिला नाही, आणि रहस्यपट सोडून दुसरा सिनेमाही पाहिला नाही. मध्यंतराचे दिवे लागले की ते उठायचे, मांडीवरची शेंगदाण्याची फोलपटं झटकायचे, खुनी कोण ते शेजारच्याला सांगायचे आणि घरी जायचे. तिकीट मात्र पूर्ण सिनेमाचं. आमच्या गल्लीत त्यांना इंटरव्हलमामा म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

असं का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मामी म्हणायच्या, नोकरीची सवय आहे. मामा कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, तपासायला होते. सेकंड शिफ्ट असली की दुपारचा पहिला खेळ धरायचे आणि मध्यंतरात उठून कंपनीची बस गाठायचे. रिटायर झाल्यावर बस गेली, उठणं राहिलं. मामांना विचारलं तर ते वेगळंच सांगत. "माणूस कोण ते कळलं, की फुडं नुसती पळापळ. ती पोलिसांनी बघावी. आपुन कशाला?" आता यातलं खरं कुठलं?

मध्यंतरानंतर काय झालं हे मात्र त्यांना कळायला हवं असे. ते काम माझं. माझ्या नवऱ्याला थिएटरात झोप लागते, म्हणून मामांची जोडीदार मी. माझं मिरची-मसाला कांडायचं दुकान आहे. सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नाकाला रुमाल लावून दुकानात हजर. कांडपाच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून ते दारातूनच ओरडायचे, "काय गं शोभा, ह्योच का?" मी नुसती मान हलवायची. बहुतेक वेळा होकारार्थी. अंदाज चुकला तर चूक सिनेमा काढणाऱ्याची. भोक पडलेलं कास्टिंग बाजूला टाकावं तसा मामा तो सिनेमा बाजूला टाकत आणि पुन्हा त्याचं नाव काढत नसत.

त्यांचे ठोकताळे ठरलेले होते. ज्याच्यावर पोलिसांचा पहिला संशय, तो सुटला समजायचा. जो विनाकारण मदत करतो, सारखा चहा विचारतो, त्याच्यावर नजर ठेवायची. नावाजलेला नट बारक्याशा कामाला घेतला असेल तर तोच. एवढे पैसे कोण कशाला घालवेल? "फोनवर नको, भेटून सांगतो" असं जो म्हणतो, तो भेटायच्या आधी मरतो. आणि सगळ्यात मोठा नियम: कॅमेरा ज्याच्यावर घुटमळतो त्याच्याकडे बघायचंच नाही, त्याच्या मागं कोण उभं आहे ते बघायचं.

हे सगळं ते मोठ्यानं बोलत. एकदा नायिकेला पाण्याचा ग्लास देणाऱ्या भावाकडे बोट करून ते म्हणाले, "ह्यो बघ. लई गोड हाय." मागून एकजण कावला, "ओ पावणं, आमी बी तिकीट काढलंय. गप बसा की." मामा वळून म्हणाले, "मी इंटरव्हलला जाणारच हाय. मग तुमी निवांत बघा." खुनी भाऊच निघाला. मध्यंतरानंतर तो मागचा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू खून मीच केला होता.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना मामांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्यांचा मुलगा विजय आणि मी, आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं: स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरला आहे, आता त्रास कमी करणं एवढंच आपल्या हातात. विजय पुण्याला असतो. तो म्हणाला, आबांना सांगायचं नाही, ते हाय खातील. मामांना अल्सर सांगितला. आपल्याकडे असंच चालतं. ज्याचं दुखणं, तो सोडून अख्ख्या गल्लीला माहीत. मला हे पटलेलं नव्हतं, पण मुलगा तो, मी भाची. मी गप्प बसले.

एका सकाळी मामा दुकानात आले. त्या आठवड्यात आम्ही कुठलाही सिनेमा पाहिला नव्हता. त्यांनी खूण करून मला कांडप बंद करायला लावलं. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मिरच्यांच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "मला येडं समजताय व्हय सगळी?"

मग त्यांनी एकेक मुद्दा मांडला. सण नाही, सुट्टी नाही, तरी विजय सारखा येतो. मी त्यांच्याशी वाद घालणं बंद केलं आहे. शेजारचे विनाकारण चहा विचारतात. मामी नळ सोडून मोरीत रडते. जेवत नाही. वाळली आहे. मामांनी लोणचं खाल्लं तरी ओरडत नाही.

"कोण ते मला कळलंय," ते म्हणाले. मी चाळण हातात धरून उभी राहिले.

"तुझ्या मामीला कायतरी मोठं झालंय. आणि तुमी माझ्यापास्नं लपवताय."

मी म्हटलं, "अहो मामा, तपासण्या तर तुमच्या झाल्या."

"म्हणूनच की. सुया मला, गोळ्या मला, सगळा कॅमेरा माझ्यावर. आन् मागं ती उभी हाय, तिच्याकडं कुणाचं ध्यान न्हाय. तुला एवढी वर्सं संगं नेऊन काय शिकवलं मी?"

मामी आजारी नाहीत म्हणावं, तर मग आजारी कोण ते आलंच. आहेत म्हणावं तर ते खोटं. मी गप्प. मामांनी त्याचा त्यांना हवा तो अर्थ घेतला. उठताना म्हणाले, "तिला बोलू नको. भित्री हाय ती."

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते बघून हसावं की काय करावं, कळत नव्हतं. ज्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, तो सकाळी उठून मामींना चहा करून द्यायला लागला. आपल्या वाटचं दूध त्यांच्यापुढे सरकवायचा. पोट धरून का होईना, संध्याकाळी त्यांना रंकाळ्यावर फिरवून आणायचा. म्हणे, हिला हवा पायजे. मामी घाबरल्या. दुकानात येऊन मला विचारू लागल्या, "ह्यांना कळलं का गं? एवढं गोड का वागत्यात?" तासाभरानं मामा येऊन विचारत, "तिला कळलं का गं?" मी दोघांनाही नाही म्हणत होते. दोन्ही वेळा ते खरं होतं का, हे आज विचाराल तर सांगता येणार नाही. विजयला फोनवर सांगितलं तर तो आधी हसला. मग म्हणाला, "राहू दे ताई. आबा त्यात रमलेत."

मामा अंथरुणाला खिळायला आले तेव्हा त्यांनी माझा पिच्छा पुरवला. मामींना दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊन सगळ्या तपासण्या कर. विजयचा डॉक्टर नको, तो तुमच्यात सामील आहे. माझा सीझन चालू होता, दुकानात मिरचीची पोती लागलेली. तरी गुडघ्याचं निमित्त करून मामींना नेलं. डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासून सांगितलं, रक्तदाब जरासा वर आहे, जेवण वाढवा, बाकी बाई खणखणीत आहे.

मी सरळ मामांकडे गेले. चांगली बातमी होती, सांगून टाकली. त्यांनी डोळे मिटले.

"नक्की?"

"नक्की. मी समोर बसून ऐकलंय."

"मग बेस झालं," ते म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "दोघंच हुतो संशयित. ती सुटली."

मी काय सांगून बसले होते ते मला तेव्हा कळलं. पण मामांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. चेहऱ्यावर भीती नव्हती. ओझं उतरल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "जा आता. गिऱ्हाईक खोळंबलं आसंल तुझं."

आठवडाभरानं मी पुन्हा गेले तेव्हा मामांचा आवाज पार बसला होता. मामी आत पेज करत होत्या. मामांनी एक बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि विचारलं, "काय गं, ह्योच का?"

मी मान हलवली. होकारार्थी.

"म्हंजे चुकलो न्हाय," ते म्हणाले. आतून मामी वाटी घेऊन आल्या तसे गप्प झाले, आणि अल्सरच्या माणसासारखं तोंड करून पेज प्यायले.

म्हणजे काय? चुकलो नाही, ते कधीपासून? पोत्यावर बसून मामींचं नाव घेतलं तेव्हाच त्यांना खरं माहीत होतं, आणि बायकोची एकदा तपासणी व्हावी, आपल्यामागं तिच्याकडे कुणी बघावं, म्हणून हा सगळा घाट घातला? की ते खरोखरच शेवटपर्यंत मामींवर संशय धरून होते आणि त्या दिवशी नाइलाजानं स्वतःच्या नावापाशी आले? मी दोन्ही बाजूंनी लावून बघते. दोन्ही लागतात.

मामा गेले त्याला आता दीड वर्ष झालं. मामी दुपारी माझ्या दुकानात येऊन बसतात, मिरच्यांची देठं काढतात. परवा वीज गेली होती, दुकान शांत होतं. मामी म्हणाल्या, "एक मात्र बरं झालं बघ शोभा. ह्यांना शेवटपर्यंत काय कळलं न्हाय."

कांडप बंद होतं, बोललेलं स्पष्ट ऐकू गेलं असतं. तरी मी नुसती मान हलवली.