नळावरची माझी पाटी

मंडळी, आज स्वतःचाच भयंकर राग आलाय.

पलसाण्याच्या आमच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये काल एका नळाला उकळतं पाणी येऊ लागलं. मराठी कामगारांसाठी पाटी मी लिहिली: ‘तापमानवाढीमुळे सदर नळाचा वापर टाळणे इष्ट.’ मॅनेजरसाहेब म्हणाले, ‘वा, काय भाषा!’ मी फुगलो.

आज दुपारी धुळ्याच्या भटूभाऊंनी तोच नळ उघडला. पंजा भाजला.

मी वर त्यांच्यावरच ओरडलो, ‘पाटी वाचली नाही?’

‘वाचली ना साहेब. पण इष्ट म्हणजे काय?’

त्यांना दवाखान्यात नेऊन आलो आणि पाटी फाडली. नवी लिहिली: ‘हा नळ उघडू नका. पाणी उकळतं आहे. हात भाजेल.’

एक मिनिटही लागलं नाही. सांगा, काल मी नेमकं कोणासाठी लिहीत होतो?