खुर्ची, खुर्ची, फ्रीज, खुर्ची

चार महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी, बिबवेवाडीतल्या आमच्या घरी, सोफ्यावर पाय पसरून मी मोबाईलवर 'अतिशय सक्रिय' या पर्यायावर बोट ठेवलं... आणि तिथेच घोळ झाला.

झालं असं, की माझी शुगर बॉर्डरवर आली होती. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिन्यांत वजन उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू करू. बेचाळिसाव्या वर्षी गोळ्या! मी चांगलीच टरकले आणि कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेतलं.

अ‍ॅपने विचारलं, दिवसभरात तुमची हालचाल किती? यात विचार काय करायचा... पहाटे साडेपाचला उठते, दोन डबे, मुलीची शाळा, हडपसरचं ऑफिस नाहीतर घरून काम. रात्री पाठ टेकते तेव्हा अंगात त्राण नसतं. अ‍ॅपने माझ्यावर विश्वास ठेवून रोजच्या बावीसशे कॅलरी मंजूर केल्या.

आता मंजूर झालेलं सोडायचं कशाला? संध्याकाळी दोनशे उरल्या, की मी निर्धास्त मनाने बाकरवडीचा डबा उघडायचे. महिन्याने काट्यावर उभी राहिले, तर वजन सातशे ग्रॅम जास्त! मी अ‍ॅपला, काट्याला आणि थायरॉइडला ओळीने दोष देऊन मोकळी झाले.

माझे सासरे हे सगळं ऐकत होते. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासायचे. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी खिशात छोटी वही आणि पेन असतंच.

"मेघना, 'अतिशय सक्रिय' हे तपासलं कोणी?"

"अहो बाबा, मी किती दमते ते मला माहीत नाही का?"

"दमतेस, कबूल. मी हालचालीचं विचारतोय."

बुधवारी माझं घरून काम असतं. त्या बुधवारी बाबा दिवसभर हॉलमध्ये पेपर घेऊन बसले होते... मला वाटलं, शब्दकोडं सोडवतायत. संध्याकाळी त्यांनी वहीचं एक पान माझ्यासमोर ठेवलं.

'मुलीला शाळेत सोडले: स्कूटर. परत वर आली: लिफ्ट. ९ ते ११ खुर्ची. ११ ते ११.०५ फ्रीज. ११.०५ ते १.३० खुर्ची. १.३० ते २ खुर्ची (जेवणाची). २ ते ६ खुर्ची. मध्ये एकदा दार उघडले, कुरिअर.'

आधी मी हसत सुटले, मग चिडले. सुनेवर पाळत ठेवतात म्हणजे काय! काहीतरी लागेलसं बोलणारच होते, तेवढ्यात बाबाच बोलले.

"रागावू नकोस. नोकरीत प्रत्येक माल आहे तसा लिहिला मी. पण डॉक्टरांनी विचारलं, की 'रोज फिरतो' म्हणून ठोकून द्यायचो. फिरायचो कुठे, कोपऱ्यावरच्या कट्ट्यापर्यंत. आता रोज सुई टोचून घेतो. तुझं तसं व्हायला नको."

त्यांचं इन्सुलिन रोज सकाळी फ्रीजमधून मीच काढून देते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्याच संध्याकाळी अ‍ॅपमध्ये 'बैठं काम' निवडलं. कॅलरी खाडकन चौदाशेवर आल्या. पहिला आठवडा मी घरात कोणाशी धड बोलले नाही आणि बाकरवडीचा डबा नवऱ्याने वरच्या फळीवर ठेवला.

मग बाबा आणि मी रोज संध्याकाळी चालायला जाऊ लागलो, खरोखरचं. चाललो म्हणून अ‍ॅपमध्ये जास्तीच्या कॅलरी मागायच्या नाहीत, हा बाबांचा नियम. कट्टा आला की त्यांचे पाय हळू व्हायचे, मग मी नुसतं "वही आणलीय का?" विचारायचे.

परवा रिपोर्ट आला. वजन साडेचार किलो कमी, साखर हद्दीत, गोळ्यांची गरज नाही! मी ओरडतच बाबांकडे गेले.

त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला. खिशातलं पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'माल पास.' खाली सही, तारीख... आणि त्याखाली, 'फेरतपासणी तीन महिन्यांनी.'

गोळ्या टळल्या याचा आनंद आहेच. पण मला आहे तशी लिहिणारं, आणि तरीही माझ्याच बाजूचं असणारं माणूस घरात आहे, याचा जास्त आहे. थँक्यू, बाबा.